जात्याचा खुंटा

१

कसबा बावड्यात कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला मीरासाबचं टायरचं दुकान आहे. दुकानापुढे एक बाकडं आहे. बाकडं कसलं, जुन्या ट्रकचा मागचा फाळका तो. वरून पत्रा ठोकलेला, चार दगडांवर आडवा टाकलेला. रोज सकाळी फिरून आलं की गणपतराव, पिराजी, आण्णा आणि खुद्द मीरासाब असे चार म्हातारे त्यावर बसतात, चहा पितात आणि उसाच्या गाड्यांना नावं ठेवतात.

या चौघांची घरं दरवर्षी दिवाळीनंतर मिळून सहलीला जातात. म्हाताऱ्या बायका, सुना, नातवंडं धरून बारा माणसं. ठिकाण ठरवायची त्यांची एक रीत होती. तीन वर्षांपूर्वी ठिकाणावरून पिराजी आणि आण्णा यांचं असं जुंपलं, की महिनाभर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून डोळे मिटून ठरवायचं. पिराजीने नाव घ्यायचं. ज्याला पटेल त्याने फाळक्यावर एकदा तळहात आपटायचा. कोणाचा हात वाजला ते कळत नाही, मग भांडायचं कोणाशी?

यंदा दोन नावं होती. दाजीपूर आणि चांदोली. डोंगरच बघायचा, जंगलच बघायचं, एवढं सगळ्यांना मान्य होतं.

"दाजीपूरला गवे दिसत्यात," गणपतराव म्हणाले.

"गवं आमच्या उसात बी येत्यात," पिराजी म्हणाला. त्याची चार एकर शेती होती आणि सहा म्हशी. "त्येच्यासाठनं गाडी कशाला करायची? चांदोली म्हंजे राष्ट्रीय उद्यान हाय. सरकारनं सर्टिफिकेट दिल्यालं जंगल."

"आन् गवाच बघायचा तर ह्यो आण्णा हाय की बसल्याला," मीरासाब म्हणाला. आण्णा पोस्टमन होता, निवृत्त झाल्यावर अंगाने सुटला होता. तोही हसला.

चौघांनी डोळे मिटले.

"दाजीपूर," पिराजी म्हणाला.

गणपतरावांनी हात आपटला. शेजारून दुसरा वाजला. तो मीरासाबचा, हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होतं. मीरासाब चांदोलीला हात मारणार नाही.

"चांदोली."

एक वाजला. दुसरा वाजला. मग थोडा वेळ गेला आणि तिसरा वाजला.

"दोन आन् तीन," आण्णा म्हणाला. "चांदोली!"

गणपतरावांनी डोळे उघडले. शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, पण हिशेब पक्का.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मग हात पाच कसं?"

पिराजी म्हणाला, आण्णाने दोनदा मारला. आण्णा म्हणाला, पोरांची शप्पथ. दोघं भांडायला लागले. गणपतराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते बाकड्याच्या टोकाला बसले होते, आणि तिसरा हात वाजला तेव्हा पत्रा त्यांच्या मांडीखाली थरथरला होता. मांडीच्या या बाजूला. जिकडे कोणी बसलेलं नव्हतं.

२

गणपतरावांच्या परसात नळाखाली एक जातं होतं. वरची पाळ, खालची तळी, दोन्ही शाबूत. फक्त खुंटा नव्हता. खुंटा म्हणजे पाळ फिरवायला भोकात ठोकलेला लाकडी दांडा. तो नसला की जात्याचा दगडच होतो. बायको होती तोवर तिने त्यावर कपडे आपटले. आता सून स्वप्नाली त्यावर पाय देऊन नळ सोडायची.

त्या दिवशी घरी आल्यावर गणपतराव पाय धुवायला गेले आणि थांबले. खुंट्याचं भोक कायम भिंतीकडे असायचं. त्यात पाणी साचायचं, चिमण्या प्यायच्या. आज भोक नळाच्या बाजूला होतं.

"स्वप्नाली, जातं कुणी फिरवलं?"

"मला हलतंय व्हय ते, मामा?" ती आतूनच म्हणाली. "खुंटा नाही, काही नाही. धरायचं कशाला?"

खरं होतं. पोरांनी ढकललं असेल, गणपतरावांनी ठरवलं. पण पोरं तर दिवाळीपासून आजोळी होती. मग म्हैस. म्हैस त्यांनी चार वर्षांपूर्वी विकली होती.

त्यांनी खडूने तळीवर भोकाच्या सरळ रेषेत एक खूण केली. स्वतःचा राग आला. सत्तावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आंबा घाटात ब्रेक फेल झाल्यावर गिअरवर गाडी उतरवलेला माणूस, दगडाला खुणा करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं. भोक खुणेपासून वीतभर पुढे गेलं होतं. दाराकडे.

३

ट्रकची एक बोली असते. क्लीनर मागून पत्र्यावर हात मारतो आणि ड्रायव्हर पुढे ऐकतो. दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब. मागं काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, त्याचा सगळा भरवसा त्या हातावर. बावड्यात अजून लोक सांगतात, गणपतरावांनी उभ्या जन्मात एक थाप चुकवली नाही आणि एक माणूस मागे ठेवला नाही. हे सांगताना गणपतराव समोर असले तर ते चहाच्या कपात बघतात. लोकांना वाटतं, माणूस लाजतोय.

चांदोलीच्या डोंगरात जांभूळटेप नावाची वाडी होती. पंचवीस-तीस वर्षांमागची गोष्ट. जंगलासाठी वाडी उठली. लोकांचं सामान खाली नव्या वसाहतीत न्यायला तीन ट्रक लावले होते. गणपतरावांचा ट्रक शेवटचा. मीरासाब त्यांचा क्लीनर.

शेवटच्या ट्रकात शेवटचं जातं चढलं ते धोंडुबाईचं. एकटी म्हातारी, मागंपुढं कोणी नाही. उंचीला इतकी कमी, की तिला फाळक्यावर उचलून घ्यावं लागणार होतं. दोघांनी जातं चढवलं आणि ती म्हणाली, "आगं बया, खुंटा ऱ्हायला. घेतला, आलेच."

आणि ती परत घराकडे गेली.

दिवस कलला होता. खालचा ओढा पाण्याने फुगत होता. सामानाच्या आड माणसं दिसत नव्हती. मीरासाबला वाटलं, म्हातारी चढली. त्याने दोन थापा मारल्या आणि पुढे येऊन केबिनमध्ये बसला. गाडी हलली. वळणापाशी मागच्या पत्र्यावर हात वाजला. एकदाच.

"उस्ताद," मीरासाब म्हणाला, "एक थाप."

गणपतरावांचा पाय ब्रेकवर गेला होता. तो ब्रेकवर टेकलाही होता. पण चढाला थांबलेला भरला ट्रक पुन्हा उचलायचा, चिखल, अंधार, ओढा. त्यांनी पाय काढला.

"दगड उडाला," ते म्हणाले.

खाली कोणीतरी विचारलं, धोंडुबाई कुठाय? गणपतराव म्हणाले, पुढच्या गाडीतनं आली. पुढच्या गाडीवाल्याला वाटलं, ती मागच्या गाडीत आहे. रात्रीतून ओढ्याने रस्ता नेला. चार दिवसांनी वनखात्याची माणसं वर गेली, तेव्हा घरात कोणी नव्हतं. विचारणारंही कोणी नव्हतं. जातं ट्रकातच राहिलं, आणि ट्रकातून गणपतरावांच्या परसात आलं.

त्या दिवसापासून या विषयावर उस्ताद आणि क्लीनर एक शब्द बोलले नव्हते. पुढे ट्रक भंगारात गेला तेव्हा मीरासाबने त्याचा फाळका मागून घेतला. कशाला, ते गणपतरावांनी विचारलं नाही.

४

"ह्या डोळं मिटायच्या धंद्यात काय राम न्हाई," पिराजीची बायको शालूबाई म्हणाली. डेअरीला दूध घालून ती रिकामी कॅन घेऊन उभी होती. "म्हातारी माणसं, डोळं मिटली तर उघडतील का न्हाई त्याचा बी भरवसा न्हाई. उघड्या डोळ्यांनी हात मारा. मी बघती कोण लबाडी करतंय त्ये."

सकाळचे आठ वाजले होते. ऊन कोवळं होतं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले होते आणि हवेत मळीचा आंबूस वास होता. यापेक्षा साधी सकाळ असू शकत नाही, असं गणपतरावांना वाटलं, आणि बरं वाटलं.

"दाजीपूर!" पिराजी म्हणाला.

गणपतराव. मीरासाब. दोन हात.

"चांदोली!"

पिराजी. आण्णा. दोन हात.

सगळ्यांनी हात उचलून गुडघ्यांवर ठेवले. शालूबाईने तोंड उघडलं.

पत्र्यावर हात वाजला.

कोणी हललं नाही. आठ हात आठ गुडघ्यांवर होते. शालूबाईने ते एकेक करून पाहिले, गणपतरावांनी तिच्या डोळ्यांवरून ते ताडलं. मग ती खाली वाकून बाकड्याखाली बघून आली. खाली मांजर झोपलं होतं.

"पत्रा तापला आसंल," ती म्हणाली. "उन्हानं पत्रा वाजतोय."

"व्हय व्हय," पिराजी म्हणाला. "माझ्या गोठ्याचा बी वाजतोय."

गणपतरावांनी तळहात पत्र्यावर टेकवला. पत्रा दवाने गार होता.

तेवढ्यात मीरासाबचा पोरगा तोहिद त्याचा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आला. सहलीला दरवर्षी तीच गाडी. तोहिद पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप, पण गणपतरावांपुढे अजून हात बांधून उभा राहायचा.

"ठरलं का, चाचा?"

"दोन-दोन झाल्यात," आण्णा म्हणाला. "तुजा चाचा चांदोलीला भितोय."

"चाचा आन् भ्यायला?" तोहिद हसला. "तिथला घाट चाचानं रातीचा उतरलाय. अब्बा, तुमीच सांगताय न्हवं? अख्खी वाडी खाली आणली, एक माणूस मागं ऱ्हायला न्हाई. मी पोरांना सांगतोय, गाडी शिकायची तर तशी शिका."

सगळे गणपतरावांकडे बघत होते. मीरासाब मात्र जमिनीकडे बघत होता.

"उस्ताद," तो हळू म्हणाला, "काय सांगायचं आसंल तर आत्ता सांगा. मी बी सांगतो. दोघं मिळून सांगू."

"काय सांगायचं?" पिराजीने विचारलं.

तोहिदच्या तोंडावर अजून ते हसू होतं. गणपतरावांनी ते पाहिलं. ते मोडायला दोन वाक्यं पुरली असती.

"सांगायचं काय त्यात?" ते म्हणाले. "मला कसली भीती?"

आणि त्यांनी स्वतःचा हात उचलून पत्र्यावर आपटला.

"चांदोली."

५

सगळे गेल्यावर मीरासाब टायरला हवा भरत बसला. गणपतराव उभेच होते.

"फाळका कशाला आणलास?" त्यांनी इतक्या वर्षांनी विचारलं.

"टाकवंना."

"पत्रा वाजतोय."

"आज वाजतोय व्हय?" मीरासाबने मान वर केली नाही. "रोज दुकान बंद करताना एकदा वाजतोय, उस्ताद. मी म्हणतो, थांबलो बाई, थांबलो. मग घरला जातो. माझ्यापुरतं भागतंय. थांबायचं काय माझ्या हातात न्हवतं. ब्रेक तुमच्या पायाखाली हुता."

"दगड उडाला हुता."

मीरासाबने हवेची नळी काढली. टायर फुस्स झाला.

"तर मग चला की," तो म्हणाला.

घरी आल्यावर गणपतरावांनी परसात पाहिलं. जात्याचं भोक थेट दाराकडे होतं. तळीभोवती भुकटीसारखं काहीतरी पडलं होतं, गोल, बारीक, पांढरट. त्यांनी बोटाने उचलून चोळलं. दगडाची पूड. रिकामं जातं फिरलं की दगडावर दगड घासतो आणि अशी पूड पडते.

स्वप्नालीने चुन्याची रांगोळी काढली असेल. तिला त्यांनी विचारलं नाही.

६

नाक्यावर नोंद झाली. बारा माणसं, एक गाडी, पाचच्या आत बाहेर. वनखात्याचा माणूस मोटारसायकलवर पुढे झाला. कार्तिक संपत आला होता. डोंगरावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि झाडांच्या सावल्या लांब होत्या. पोरं गवे शोधत होती. पिराजी प्रत्येक दगडाला गवा म्हणत होता आणि शालूबाई म्हणत होती, "घरचा एक सांभाळती, त्येवढा बास झाला."

गणपतराव मागच्या बाकावर खिडकीशी बसले होते, शेजारी मीरासाब. अंगावर घोंगडं होतं. त्यांनी खाली उतरायचं नाही असं ठरवलं होतं. गुडघा दुखतो, असं सांगून टाकलं होतं.

दुपारी गाडी एका सपाटीवर थांबली. वनखात्याच्या माणसाने सांगितलं, "इथं आधी वाडी होती."

घरं नव्हती. जोती होती, गवतात बुडालेली. जांभळीची झाडं तेवढी ओळखीची राहिली होती. बायकांनी भाकरी आणि खर्डा सोडला. पोरं जोत्यांवरून उड्या मारत होती. काहीच घडलं नाही. ऊन काचेतून आत येत होतं, घोंगडं गरम झालं होतं, आणि गणपतरावांना वाटलं, एवढंच होतं तर. दगड, गवत, ऊन. सत्तावीस वर्षं ट्रक चालवला आणि पुढची वर्षं उगाच वाया घालवली.

जेवणं झाली. मंडळी आवरायला लागली. तेव्हा त्यांना आवाज आला.

घरघर. थांबून पुन्हा घरघर. दगडावर दगड फिरतोय असा, पहाटे घरोघर ऐकू यायचा तसा.

जातं बावड्यात होतं. ऐंशी किलोमीटरवर, नळाखाली. जंगलात भुंगे असतात, भुंग्यांचा आवाज असाच असतो. गणपतरावांनी हे स्वतःला पटवलं आणि भुंगेच आहेत हे पक्कं करायला म्हणून घोंगडं बाकावर टाकून खाली उतरले.

आवाज शेवटच्या जोत्यामागून येत होता. ते जवळ गेले तसा तो बंद झाला. जोत्यावर गवत नव्हतं. मध्ये हातभर जागा झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती, आणि तिथे मातीत एक खुंटा उभा रोवलेला होता.

इतक्या पावसाळ्यांत लाकूड कुजून जातं. हा कुजला नव्हता. हातात फिरून फिरून गुळगुळीत झाला होता, तेल लावल्यासारखा चमकत होता. गणपतरावांनी तो उपटला. तो उबदार होता, नुकताच कोणीतरी हातातून सोडल्यासारखा.

मागे गाडीच्या पत्र्यावर हात वाजला.

दोनदा.

७

"आरं, थांबा!" गणपतराव ओरडले. "आलोच!"

इंजिन सुरू झालं. ते धावले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस जेवढा धावेल तेवढे धावले. गवत पायात येत होतं. गाडी वळत होती. तोहिद निघण्याआधी माणसं मोजतो, एक कमी असलं तरी हलत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं त्याला. म्हणजे त्याने मोजली असणार. म्हणजे बारा भरली असणार.

"खुंटा घेतला," त्यांच्या तोंडून निघालं, का ते कळलं नाही. "घेतला, आलोच."

गाडी चढाला हळू झाली आणि त्यांनी तिला गाठलं. मागची काच धुळीने अर्धी माखली होती. काचेच्या खाली पत्र्यावर, त्यांच्या कमरेच्या उंचीला, धुळीत एका लहान तळहाताचे ठसे होते. दोन. शेजारी शेजारी.

काचेतून मागचा बाक दिसत होता. मीरासाब बसला होता. शेजारी, खिडकीशी, घोंगडं डोक्यावरून ओढून कोणीतरी बसलं होतं. ताठ. बाकाच्या पाठीवर जेमतेम डोकं पोचत होतं. मीरासाबने हात लांबवून घोंगड्याचं टोक त्या खांद्यावर नीट केलं, म्हातारा दोस्त झोपलाय, वारं लागेल, तसं. मग तो पुढे बघून कोणाच्या तरी बोलण्यावर हसला.

गणपतरावांना हाक मारायची होती. छातीत हवा नव्हती. त्यांनी उजवा हात उचलला आणि पत्र्यावर मारला. एकदा.

मीरासाबची मान वळली. तो तोहिदकडे बघून काहीतरी म्हणाला.

ब्रेकचे लाल दिवे लागले. गाडी जागच्या जागी क्षणभर अडखळली. गणपतरावांच्या हातातला खुंटा घामाने ओला झाला होता.

मग दिवे विझले. गाडी पुढे गेली, वळणावर गेली, आणि तिचा आवाज डोंगराआड गेला.

आत तोहिद काय म्हणाला असेल, ते गणपतरावांना सांगायला नको होतं. दगड उडाला.